कोरडवाहू कपाशीत काका शिफारशीपेक्षा कमी झाडे का ठेवतात?

प्रश्न (कोथरूड, पुणे)
यवतमाळ जिल्ह्यातील आमची पाच एकर कोरडवाहू जमीन काका कसतात. अतिघनता लागवडीसाठी ९० बाय १५ सें.मी. अंतराची शिफारस मी त्यांना कळवली, तेव्हा "आपल्याला फुलीच बरी" एवढेच ते म्हणाले. फुली म्हणजे उभ्या-आडव्या ओळी जिथे छेदतात तिथे झाड; अशा तीन बाय तीन फुटांवर एकरी जेमतेम ५,००० झाडे बसतात, शिफारशीप्रमाणे सुमारे ३०,०००. हा केवळ सवयीचा भाग आहे का?

उत्तर (हडपसर, मूळ गाव वर्धा जिल्ह्यात)
सवय म्हणू नका, तो हिशेब आहे. फुलीवर सरकी टोबली की डवरा (तण काढणारे बैलांचे अवजार) उभाही चालतो आणि आडवाही, त्यामुळे खुरप्याने काढायचे तण झाडाच्या बुडाशी वीतभर जागेतच उरते. ओळीत अर्ध्या फुटावर झाड आले की आडवा डवरा बंद होतो, आणि श्रावणाच्या झडीत पंधरा दिवस वाफसा (अवजार चालण्याइतकी सुकलेली जमीन) मिळाला नाही, तर सारे निंदण हातावर येते. नेमके तेव्हाच गावात प्रत्येकाला मजूर हवे असतात. बियाणेही सहापट लागते, तेही बहुतेकदा कृषी केंद्राच्या उधारीवर. पहिल्या पावसाने दगा देऊन दुबार पेरणीची वेळ आली, तर ती उधारी कशी फेडायची? काका मध्ये तुरीच्या ओळीही ठेवत असतील. कपाशी गेली तरी घरात डाळ येते.

उत्तर (शिवाजीनगर, कृषी पदवीची विद्यार्थिनी)
मजुरीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, परंतु जमीन कोणती, हे आपण सांगितले नाही. भारी जमिनीत झाड पसरून मोकळी जागा भरून काढते. हलक्या, उथळ जमिनीत ते खुरटेच राहते आणि जागा वाया जाते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन लागवड पुढे आणली, ती मुख्यतः अशाच जमिनींसाठी, लवकर येणाऱ्या वाणांसह, म्हणजे ओल संपण्यापूर्वी बोंडे भरतात. आणखी एक कळकळीची विनंती: काका फरदड (वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढे राखून घेतलेला कापूस) घेत असतील तर ती मात्र थांबवावी, कारण डिसेंबरनंतर उभ्या राहिलेल्या पिकावर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.

प्रश्नकर्ता
आजच काकांशी बोललो. नाल्याकडची चार एकर भारी आहे, टेकडीकडची एक एकर मुरमाड. त्या मुरमाडापैकी अर्ध्या एकरात दाट लागवड करून पाहायला ते तयार झाले आहेत. तेवढ्या बियाण्याचे पैसे मी येथून रोख पाठवणार आहे.