डोरोथी खरंच ओझला गेली होती

वाचनखुर्ची

लेक नऊ वर्षांची. रात्री तिला 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ' वाचून दाखवायला घेतलं, तर पहिल्याच पानावर म्हणाली, "आई, मला माहितीये हे. शेवटी ते सगळं स्वप्न असतं."

पुस्तकात ते स्वप्न नाहीच! एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या पुस्तकात वादळ कॅन्ससच्या डोरोथीचं घर उचलून ओझ या जादूच्या देशात नेतं म्हणजे नेतंच. डोरोथी कॅन्ससला परत येते तेव्हा समोर हेन्रीकाकांनी बांधलेलं नवं घर असतं, कारण जुनं ओझमध्ये राहिलेलं असतं. पायात नुसते मोजे, कारण तिला घरी आणणारे जादूचे चांदीचे बूट उडत येताना वाळवंटात पडून कायमचे हरवलेत. १९३९च्या चित्रपटात ती पलंगावर जागी होते आणि भोवती उभी असलेली मोठी माणसं तिचं म्हणणं हसून घेतात. पोरीनं जे केलं, ते केलंच नाही असं ठरतं. माझा राग यावर आहे. बूट पुस्तकात चांदीचे, चित्रपटात माणकांचे, हा त्यामानाने किरकोळ मुद्दा. पण बघा, त्या माणकांच्या बुटांचा एक जोड डिसेंबर २०२४मध्ये लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरच्या बोलीला गेला. पुस्तकात नसलेले बूट जगाला पाठ आहेत, आणि बॉमनी ओझवर एकूण चौदा पुस्तकं लिहिली हे किती जणांना ठाऊक आहे?

रंगपट

असहमत. पुस्तकाचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. उन्हानं भाजून जमीन करडी, घराचा रंग उडून भिंती करड्या, एमकाकूचे डोळेसुद्धा करडे. बॉम तो एकच शब्द पुन्हापुन्हा वापरतात. चित्रपटानं काय केलं? कॅन्सस अख्खं तपकिरी ठेवलं आणि डोरोथीनं दार उघडल्यावर एकदम रंग आणले. लेखकाला जे म्हणायचं होतं ते इतक्या थेट कुठल्या वाक्यात येणार? पुस्तक नीट वाचल्याशिवाय हे सुचत नाही. चित्रपट लोकांच्या मनात बसला तो १९५६पासून टीव्हीवर दाखवायला लागले म्हणून. तिथून किती मुलं पुस्तकाकडे गेली असतील, त्यांतला मी एक.

निळी_शाई

मूळ संहितेचं सोवळं खुद्द बॉमनी पाळलेलं नाही. १९०२मध्ये शिकागोत याचं संगीत नाटक आलं, बॉम त्यात सामील होते. त्यात टोटो कुत्रा नाहीच, त्याच्या जागी इमोजीन नावाची गाय! अफूच्या फुलांच्या शेतात झोपलेले बर्फ पडून वाचतात, हा भागही पुस्तकातला नाही, या नाटकातला. चित्रपटानं तो तिथून घेतला. पुढे १९१४मध्ये बॉमनी ओझवर चित्रपट काढायला स्वतःची कंपनीही सुरू केली. लेखकच इतका मोकळा असेल तर आपण कशासाठी भांडायचं?

वाचनखुर्ची

निळी_शाई, बर्फाचं बरं काढलंत. पुस्तकात तिथे काय होतं ते सांगते. डोरोथीच्या सोबत्यांपैकी बुजगावण्याला आणि पत्र्याच्या लाकूडतोड्याला श्वास नाही, त्यामुळे त्यांना झोप चढत नाही. ते दोघं डोरोथीला आणि टोटोला हातांच्या खुर्चीवर उचलून बाहेर आणतात. तिसरा सोबती सिंह त्यांना उचलवत नाही, त्याला नाइलाजानं सोडावं लागतं. मग लाकूडतोड्या एका रानमांजराच्या तावडीतून एक उंदरीण वाचवतो, ती निघते शेतातल्या उंदरांची राणी. तो झाडं तोडून गाडा करतो, बुजगावणं हजारो उंदरांना दोऱ्यांनी गाड्याला जुंपतं, आणि तेवढेसे उंदीर तो सिंह ओढून बाहेर काढतात. माझी लेक या पानावर उठून बसली होती.

आता चित्रपटात बघा. चांगली चेटकीण वरून बर्फ पाडते, की झालं! ज्या गोष्टी यांनी हातांनी केल्या, त्या वरून मिळायला लागल्या. बॉमनी नाटकात ते चालवून घेतलं असेल, पण म्हणून पुस्तकातला प्रसंग सरस नाही असं होत नाही. बदल करायला माझी हरकत नाहीच. हा विशिष्ट बदल मुलांकडून काय काढून घेतो, ते मी विचारते आहे.

दूरदेशी

वाचनखुर्ची यांच्या बाजूनं. मिखाएल एंडं यांची 'नेव्हरएंडिंग स्टोरी' (१९७९) मी जर्मनीत राहायला आल्यावर जर्मनमधून वाचली. दोन रंगांच्या शाईत छापलेली, सव्वीस प्रकरणं, वर्णमालेच्या एकेका अक्षरानं सुरू होणारी. १९८४चा चित्रपट साधारण अर्ध्या पुस्तकाशी थांबतो. पुढच्या अर्ध्यात गोष्टीतला मुलगा बास्तियान जी इच्छा करेल ती पुरी होते, आणि प्रत्येक इच्छेबरोबर त्याची एक आठवण पुसली जाते. अखेर स्वतःचं नावही जातं. पुस्तकाचा जीव तिथे आहे. चित्रपट नेमका त्याच्या आधी संपतो आणि पोरगं उडत्या ड्रॅगनवर बसून मजा करतं. एंडं यांनी चित्रपटातून आपलं नाव काढायला लावलं, कोर्टातही गेले, खटला हरले.

रंगपट

लेखक नाराज झाला म्हणजे चित्रपट वाईट, हे मान्य नाही. 'मेरी पॉपिन्स'च्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांनाही १९६४च्या चित्रपटातला कार्टूनचा भाग पटला नव्हता. तरीही तो चित्रपट उत्तम आहे.

आणि ओझबद्दल सांगायचं तर 'घरासारखी जागा नाही' हे डोरोथीचं वाक्य बॉमचंच आहे, हॉलीवूडनं घुसडलेलं नाही. बुजगावणं तिला विचारतं, इतका सुंदर देश सोडून त्या कोरड्या, करड्या कॅन्ससला का जायचंय? तेव्हा ती हे म्हणते. चित्रपटानं तेच वाक्य शेवटी नेलं. हा विपर्यास कसा?

वाचनखुर्ची

वाक्य बॉमचं आहे, कबूल. पण पुढे त्या घराचं काय झालं? १९१०च्या सहाव्या पुस्तकात, 'द एमराल्ड सिटी ऑफ ओझ'मध्ये, ते नवं घर बांधायला हेन्रीकाकांनी शेत गहाण टाकलेलं असतं. हप्ते फिटत नाहीत, शेत जायची वेळ येते. कोरडवाहू शेती आणि कर्ज. हे वाचताना मला कॅन्सस परका वाटला नाही, माझ्या आजोळी विदर्भात या गोष्टी जेवताना बोलल्या जायच्या. डोरोथी काय करते? ओझच्या ओझ्मा राणीकडे शब्द टाकते आणि काका-काकूंना कायमचं ओझला घेऊन जाते. तिच्यासाठी घर म्हणजे ही दोन माणसं. कॅन्सस सुटलं तरी तिचं काही अडत नाही.

ओझ स्वप्न ठरवलंत की हे पुढचं सगळं बंद. स्वप्नात काकूला नेऊन ठेवता येत नाही.

निळी_शाई

हा मुद्दा बिनतोड आहे. गाईवर आणि बर्फावर मी ठाम, स्वप्नाबाबत मत बदललं.

रंगपट

सहावं पुस्तक मी वाचलेलं नाही, गहाणाचं माहीत नव्हतं. दार उघडल्यावर रंग येतात त्या दृश्याबद्दल माझं मत तेच आहे. पण त्यानंतर पलंगावरचा शेवट आठवला, आणि तिथे ती पुन्हा त्याच तपकिरी खोलीत असते, हे आज पहिल्यांदा खटकलं. वाचून झालं की इथेच लिहितो.