'लाइट ऑर्केस्ट्रा'ला मराठीत काय म्हणावं?

एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय आहे १९५०च्या दशकात अमेरिकेत घरोघरी वाजणारं 'लाइट ऑर्केस्ट्रल म्युझिक'. मी 'सुगम वाद्यवृंद' लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "गायलंय कोणी?" दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद १
आईंचं बरोबर आहे. 'सुगम संगीत' आपल्याकडे आकाशवाणीमुळे रुळलं आणि भावगीताला चिकटलं. त्यात शब्द हवेतच. इथे सगळी मदार व्हायोलिनवर. वाद्यवृंद-संचालक मंटोवानीचं १९५१चं 'शार्मेन' ऐका. व्हायोलिनचा एक गट सूर दुसऱ्याकडे सोपवतो, पण स्वतःचा सोडत नाही. दगडी चर्चमध्ये घुमावं तसं वाटतं. ही करामत अरेंजर (कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं ते ठरवणारे) रोनाल्ड बिंज यांची. (दोघांचं काम इंग्लंडात, पण अमेरिकेनं डोक्यावर घेतलं.)
'ऑर्केस्ट्रा' मात्र लिहू नका. लोकांना गणपतीचा मांडव आणि किशोरकुमारच्या आवाजात गाणारा कुणीतरी आठवेल. 'वाद्यवृंद'च ठेवा.

मग 'हलकंफुलकं वाद्यवृंद संगीत'?

प्रतिसाद २
'हलकं' आलं की 'हलक्या दर्जाचं' मागोमाग येतं. लिरॉय अँडरसन हार्वर्डमध्ये संगीत शिकलेला, बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदासाठी लिहिणारा माणूस. १९५०च्या एका रचनेत त्यानं चक्क टाइपरायटर वाजवायला लावलाय: टकटक, ओळ संपली की टिंग, मग कॅरेजची खर्रकन ओढ. टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांनी जरूर ऐकावं! त्याचाच 'ब्लू टँगो' १९५२मध्ये अमेरिकेत लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता.
यातल्या बऱ्याच रेकॉर्डना तिकडे 'मूड म्युझिक' म्हणत. नाव वाद्यांवरून नाही, ऐकण्याच्या वेळेवरून. १९४८ला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, आणली. जुनी ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी तीन-चार मिनिटांत बदलायला उठावं लागे. एलपीची एक बाजू वीसेक मिनिटं चाले. पाहुणे जेवताहेत, कोपऱ्यात व्हायोलिन चालू. जॅकी ग्लीसन या विनोदी नटाला नोटेशन वाचता येत नव्हतं, तरी त्याच्या नावावर निघालेल्या असल्या एलपी धडाधड खपल्या.
'पार्श्वसंगीत' सिनेमानं घेतलंय, आणि 'बैठकीचं' म्हटलं तर लावणी! माझं मत 'निवांत वाद्यवृंद'.

'निवांत' आवडलं. पण वाद्यवृंद-संचालक पर्सी फेथची एक धून १९६०मध्ये त्या यादीत सलग नऊ आठवडे पहिली होती, त्या वाक्यात 'निवांत वाद्यवृंदाचा धुमाकूळ' असं झालंय. 'धुमाकूळ' काढते.