साखर न घालता पाकातले काजू-बदाम-दाणे: तुमचे प्रयोग लिहा

दिवाळीत विकत आणलेले साखर चढवलेले बदाम लेकीने एका बैठकीत फस्त केले, तेव्हा ठरवलं की हे घरीच करायचं आणि पांढरी साखर न घालता करायचं. आतापर्यंत तीनदा केलं. पहिल्यांदा मधात. दिसायला इतके देखणे की फोटो काढले. दुसऱ्या दिवशी डब्यात एकच ढेकूळ, कालथ्याने उचकटावं लागलं. दुसऱ्यांदा घरातल्या नेहमीच्या गुळात केले, तर ते दाताला असे चिकटले की सासऱ्यांची कवळी बदामासकट बाहेर आली (हसू नका, मी हसले आणि महागात पडलं). तिसऱ्यांदा पाक पुढे गेला, कडूजहर.

ज्यांना जमलंय त्यांनी लिहा. ज्यांचं बिघडलंय त्यांनी तर लिहाच. गोडी कशाची होती, पाक कसा ओळखला, किती दिवस टिकलं, एवढं सांगा. दुसऱ्यांच्या पाककृती नकोत, आपल्या कढईतलंच हवं.

ठाण्याहून

ताई, चूक तुमची नाही, गुळाची आहे. वाण्याकडे ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून मागा, तो वेगळा मिळतो. पुरणपोळीच्या गुळाने मीही दोन वर्षं हात पोळून घेतले.

माझं प्रमाण: दोन वाट्या दाणे, पाऊण वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप, पाणी अजिबात नाही. मंद आचेवर गूळ विरघळला की फेस येतो, मग रंग गडद होतो. वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचा. बोटांत दाबला आणि लवला, तर अजून वेळ आहे. कट्कन मोडला आणि ताटलीत टाकल्यावर टण् वाजला की गॅस बंद. या दोन थेंबांमध्ये माझ्या कढईत जेमतेम दीड-दोन मिनिटं जातात, त्यामुळे तेव्हा फोन घ्यायचा नाही, दार उघडायचं नाही. मग चिमूटभर खायचा सोडा. पाक फुलून फिका होतो आणि चावायला खुसखुशीत लागतो. सोडा जास्त पडला तर साबणाची चव येते, तेही झालंय माझं.

दाणे मात्र गरम हवेत. थंड दाणे टाकले की पाक तिथल्या तिथे थिजतो आणि अर्ध्यांना लागतच नाही. मी ते बाजूच्या शेगडीवर तव्यात गरम ठेवते. तूप लावलेल्या ताटात ओतून दोन काट्यांनी सुटे करायचे.

कोल्हापूरकडून

आमच्या लहानपणी गुऱ्हाळावर शेंगदाण्यांचा डबा घेऊन जायचो. काहिलीतून गूळ वाफ्यात ओतला की कडेचा गरम गूळ पळसाच्या पानावर मिळायचा, त्यात दाणे दाबायचे. त्याच्यापुढे बाकी सगळं झूट. पण तो कधी कडक व्हायचा नाही, ओढून खावा लागायचा. गुळव्या पाण्यात पाक टाकून बोटांवर त्याची गोळी वळते का बघायचा आणि गोळी झाली की काहील उतरवायचा. तुम्हाला दाण्यावर काच हवी, तर त्याच्या बरंच पुढे जायला लागतं. थर्मामीटर असेल तर सांगतो, गुळाची काहील ११८ अंशांच्या आसपास उतरते, कट्कन मोडणारा पाक मात्र १४६ च्या पुढचा. काकवीतही करून बघितले. चव अप्रतिम, पण हात धुतल्याशिवाय पुस्तक धरता येत नाही.

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, नाशिक

मध का चिकटतो ते सांगते. त्यात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन साध्या साखरा. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं, म्हणून तुमचं ढेकूळ. शिवाय उसाच्या साखरेपेक्षा ते बऱ्याच कमी तापमानाला करपतं, म्हणून मधाचा पाक कडक होण्याआधीच काळा पडतो. गुळात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे उसाची साखरच. पण थोडं फ्रुक्टोज-ग्लुकोज त्यातही असतं, आणि ते जितकं जास्त तितका माल लवकर पाघळतो. कोणी लिंबू पिळत असेल तर थांबवा. आंबट घालून उकळलं की सुक्रोज फुटतं आणि त्याचंच फ्रुक्टोज-ग्लुकोज होतं.

(वरच्याच) राहिलंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं काही चाटवू नका, घरचा असला तरी.

टोरांटोजवळून

इथे चिक्कीचा गूळ मिळाला नाही म्हणून मेपल सिरपवर आले, आणि आता गूळ मिळाला तरी अक्रोडाला हेच वापरते. बाईंनी लिहिलंय त्याचा उलगडा आज झाला: मेपलमध्येही बहुतेक सगळं सुक्रोजच. दोन वाट्या अक्रोड कोरडे भाजायचे, पाव वाटी सिरप आणि चिमूटभर मीठ घालून ढवळत राहायचं. आधी चिकट, मग घट्ट, मग अचानक सगळं कोरडं होऊन वाळूसारखा थर बसतो. काच नाही होत, रवाळ होतं. डब्यात एकमेकांना चिकटत नाहीत. पण एक लिटर सिरपला झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवतात, त्यामुळे बाटली तिरकी करताना हात आखडतो.

मालवणातून, सध्या डोंबिवली

वाळूसारखा थर म्हणताय, तो म्हणजे आमचा खाजाच की! जत्रेतल्या खाज्याला गुळाच्या पाकात घोळवून सुका करतात तसेच मी काजू करतो. साधा गूळ चालतो. थोडं पाणी, आल्याचा रस, पाक गोळीबंद झाला की भाजलेले काजू टाकून गॅस बंद, आणि मग उलथन्याने सारखं हलवायचं. तीन-चार मिनिटं वाटतं की बिघडलं, तेवढ्यात पाक पांढरट पडून काजूवर बसतो. आई म्हणायची, ‘हात थांबव नुको.’ थांबला की अख्खी कढई एक काजू होते. पांढरे तीळ शेवटी. गोव्याकडचा माडाचा काळा गूळ घालून एकदा केले, त्याला धुराचा वास असतो, मला आवडला, बायकोला नाही.

नागपूर

मला मधुमेह आहे. गुळाचे म्हणून पहिल्या वेळी वाटीभर खाल्ले आणि दोन तासांनी घरच्या यंत्रावर आकडा बघून गप्प बसलो. डॉक्टर म्हणाले, गूळ म्हणजे रंग असलेली साखरच. आता चार चमचे खारकेची पूड, सुंठ, चमचाभर तूप, गरम बदामांवर पाण्याचा हबका मारून घोळवतो आणि तव्यावर सुकवतो. चकाकत नाहीत, थोडी पूड डब्यात झडते. खारकेतही साखर आहेच, म्हणून आठ मोजून घेतो आणि डबा बायको ठेवते.

पुणे

चव बघायला बोट घालू नका. पाक पाण्यासारखा ओघळत नाही, कातडीला धरून बसतो. डाग अजून आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल ठाण्याच्या ताईंच्या पद्धतीने दाणे केले. पहिला थेंब लवला, दुसरा लवला, तिसरा टण्! सासऱ्यांनी आधी लांबून पाहिलं, मग दोन खाल्ले, मग कवळी चाचपून तिसरा. तळाचे थोडे करपलेत, ते नवऱ्याला ‘कॉफी चवीचे’ म्हणून दिले. अर्धा किलो काजू शिल्लक आहेत, उद्या खाजा. मालवणकर, आल्याचा रस किती ते लिहा ना.