अंगठा गेला, दवाखान्याचे बिल भरले, म्हणजे हिशेब मिटला का?

सुषमा, फोंडा:
दत्तारामबाब यांनी काल येथे लिहिले की, त्यांच्या परिचयाच्या एका फर्निचरवाल्याने गोल करवतीवर उजव्या हाताचा अंगठा गमावलेल्या कामगाराचे सगळे बिल भरले, वर दोन महिन्यांचा पगार दिला, 'यापुढे काही मागणे नाही' अशी सही घेतली, आणि तरीही तो कामगार पणजीत पाटोच्या श्रमशक्ती भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, भरपाईचा दावा घेऊन गेला, हा निव्वळ कृतघ्नपणा होय. हे वाचून गप्प बसवेना.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा आहे. हक्क सोडून दिल्याचा असा कागद त्याच्या कलम १७ नुसार रद्दबातल ठरतो. औषधोपचारावर केलेला खर्च भरपाईत धरायचा नाही, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. मग भरपाई किती? कामगाराचे वय तीस, पगार अठरा हजार. हिशेबासाठी पंधरा हजारांपर्यंतचाच पगार धरतात. त्याच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणले की पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये येते, आणि अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटते असे कायद्याच्या परिशिष्टात धरले असल्याने ५,६१,५४६ रुपये होतात. दोन महिन्यांचा पगार म्हणजे छत्तीस हजार. यात उपकार कोणी कोणावर केले?

माझ्या धाकट्या भावाची दोन बोटे प्रेस मशीनमध्ये गेली, तेव्हा मालकाचा माणूस इस्पितळात खाटेपाशीच कागद घेऊन उभा होता. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उमटवून घेतला. बारावी शिकलेल्या मुलाचा अंगठा! दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, हे आम्हाला मुदत उलटून गेल्यावर समजले.

दत्ताराम, कुंडई:
सुषमाबाय, आपल्या भावाबद्दल वाईट वाटते. परंतु आपण अर्धेच कलम वाचले आहे. करवतीवरचा गार्ड, म्हणजे पात्यावरचे संरक्षक झाकण, कामगाराने स्वतः काढून ठेवला होता. सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढल्यामुळे इजा झाली, तर मालक जबाबदार नाही, हे कलम ३ मध्येच आहे. शिवाय तो कायदा आता राहिला कुठे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. सात माणसांच्या वर्कशॉपने साडेपाच लाख आणायचे कोठून, हेही कोणीतरी सांगावे. बँकेचा हप्ता, विजेचे बिल, लाकडाचे वाढते भाव, हे सारे एकट्या मालकाने सोसायचे आणि वर खलनायकही तोच ठरायचा.

सुषमा, फोंडा:
अपघात ऑगस्ट २०२५ मधला आहे, म्हणून जुनाच कायदा लागतो; आणि संहितेनेही भरपाईचा हक्क काढून टाकलेला नाही, उलट घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात घेतला आहे. गार्डचा मुद्दा मात्र मान्य करावा लागेल. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तरच मालकाला तो बचाव मिळत नाही, आणि अंगठा सहसा त्यात बसत नाही. पण जाणूनबुजून काढल्याचे सिद्ध मालकानेच करायचे असते. गार्डसह जाड फळी कापायला वेळ लागतो म्हणून गार्ड रोजच बाजूला पडून राहत असेल आणि मालक ते डोळ्यांनी पाहत असेल, तर तो बचाव कसा टिकेल?

रोहिदास, वास्को:
पैसे कोठून आणायचे, असे विचारता? या जबाबदारीचा विमा मिळतो, दत्तारामबाब. करवत घेताना पैसे होते, विम्याचा हप्ता भरताना नव्हते का? मी धक्क्यावर माल चढवण्याचे काम कंत्राटदाराकडून केले. पाय मोडल्यावर कंपनी म्हणाली, हा आमचा माणूस नाही, आणि कंत्राटदाराने फोन उचलणे बंद केले. कलम १२ प्रमाणे मूळ मालकालाही धरता येते, हे मला युनियनच्या माणसाने सांगितले, तोवर घरातले सोने गहाण पडले होते.

प्रज्ञा, मडगाव:
येथे सर्वजण १९२३ च्या कायद्यावर भांडत आहात. पण दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात, पगार एकवीस हजारांपर्यंत असेल, तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागते आणि मग हा दावा करताच येत नाही. खरी फसवणूक तेथे होते. माझे पती वेर्ण्याला कामाला आहेत. यंत्रावरून पडून मनगट मोडले, तेव्हा सुपरवायझरने गाडीतच बजावले, 'घरी पडलो म्हणून सांग.' अपघाताचा अहवाल मालकाने चोवीस तासांत द्यायचा असतो. तो गेलाच नाही. त्यामुळे अपंगत्व लाभाचे पगाराच्या ९० टक्के मिळण्याऐवजी आजारपणाचे ७० टक्के मिळाले, तेही ९१ दिवसांच्या मर्यादेतले, आणि मनगट आजही पूर्ण वळत नसताना कायमच्या अपंगत्वाची तपासणी झालीच नाही.

दत्ताराम, कुंडई:
वहिनी, खोटे आपल्या पतीने सांगितले. त्याचाही दोष मालकाच्याच माथी का?

प्रज्ञा, मडगाव:
कंत्राट दर सहा महिन्यांनी नवे होते, भावोजी. ज्याच्या सहीवर ते नवे होते, तोच गाडी चालवत होता. मोडलेले मनगट मांडीवर धरून बसलेल्या माणसाकडून आपण कोणत्या बाणेदारपणाची अपेक्षा करता?

रोहिदास, वास्को:
आपल्या पतींकडे निदान ईएसआयचे कार्ड तरी होते. आमचे तर हजेरीच्या वहीतसुद्धा नाव नव्हते.

प्रज्ञा, मडगाव:
म्हणून आमचे दुःख लहान ठरते का? दरमहा पगारातून पाऊण टक्का कापून घेतात, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि गरज पडते त्या दिवशी तोच मालक अपघात लपवतो.

सुषमा, फोंडा:
कृपया आपापसांत भांडू नका. प्रज्ञाताई, इस्पितळाच्या पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर काय लिहिले आहे ते पाहा. त्या पाळीची हजेरी आणि सोबत असलेल्या दोघांचे जबाब मिळाले, तर ईएसआय महामंडळाच्या शाखेत लेखी अर्ज अजूनही करा.

दत्ताराम, कुंडई:
सहीचा तो कागद टिकणार नाही, असे आमच्या वकिलांनीही सांगितले, तेवढे कबूल करतो. विम्याचेही रोहिदास म्हणतात ते खरे आहे. पण गार्डचा मुद्दा मी सोडणार नाही. कामगाराला दोनदा तोंडी ताकीद दिली होती.

सुषमा, फोंडा:
तोंडी ताकीद दिल्यावर करवत बंद केली होती का? आयुक्तांपुढे हाच प्रश्न येणार आहे. शिवाय देय रक्कम महिनाभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. आपल्या फर्निचरवाल्या मित्रांना हे आजच कळवा.