पॅक-१२ फुटली, पण झळ आमच्या लीगला कशी?

रानवारा: माझी लेक अमेरिकेत कॉन्फरन्स यूएसए या विद्यापीठांच्या लीगमध्ये व्हॉलीबॉल खेळते. २०२४मध्ये दहा विद्यापीठांनी पॅक-१२ ही दुसरी लीग सोडली, त्याचा आमच्याशी काय संबंध?

खडूसकाका: ताई, साखळी बघा. तिथे उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठं. त्यांनी २०२६साठी माउंटन वेस्ट या तिसऱ्या लीगमधून बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरे पाच जणांना ओढलं. ती भगदाडं बुजवायला माउंटन वेस्टने तुमच्या लीगमधलं यूटेप (एल पासो शहरातलं टेक्सास विद्यापीठ) उचललं. पैसा अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही प्रक्षेपणाचा, विमानप्रवासाची दमछाक मात्र सगळ्याच खेळाडूंची.

मिरमिरे: काका, गोंझागा विद्यापीठ सांगायचं राहिलं! फुटबॉल संघच नाही, तरी बास्केटबॉलच्या जोरावर वेस्ट कोस्ट ही लीग सोडून पॅक-१२त. मार्च मॅडनेसच्या, म्हणजे विद्यापीठांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेतल्या, विजयांचे पैसे कॉन्फरन्सला, म्हणजे लीगला मिळतात. मागे उरलेल्यांनी काय करायचं?

रानवारा: म्हणजे एल पासोची फेरी वाचली! तरी फुटबॉल वेगळं काढा आणि बाकीच्यांना जवळपास खेळू द्या, असंच वाटतं.