फोटो एडिटिंग शिकाचं हाय, जुन्या लॅपटॉपवर चालन असं काय हाय?

झेरॉक्सवाला_आर्णी
राम राम मंडळी. आर्णीजवळ गावात माहं झेरॉक्सचं दुकान हाय. शाळा सुरू झाली की पासपोर्ट फोटोले लाइन लागते अन् लग्नसराईत पोट्टे म्हनतात भाऊ हयदीचे फोटो साजरे करून दे. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. मागं एकानं पेन ड्राइव्हमधून फुकटचं फोटोशॉप टाकून देल्लं, आठ दिवसात असा व्हायरस लागला का सगळे स्कॅन गेले. दर महिन्याले पैसे भरनं आपल्याच्यानं होत नाई, काय घेऊ?

कापूसवेचा
आंधी काम कोणतं ते पाहा भाऊ. पासपोर्टसाठी फोटोपी घ्या, इन्स्टॉल काहीच नाई, ब्राउझरमधेच उघडते, मेनू फोटोशॉपसारखेच त्याच्यानं यूट्यूबवरचे फोटोशॉपचे धडे तसेच्या तसे कामी येतात. बाजूनं जाहिराती दिसतात तेवढं सोसा. गिऱ्हाइकाचा फोटो कुठं अपलोड होत नाई, तुमच्याच मशीनवर काम होते.

झेरॉक्सवाला_आर्णी
पण दुपारी लाइन गेली का टॉवर बी जाते ना आमच्याइकडं

कापूसवेचा
पेज एकदा पूर्ण लोड झालं का मंग नेट गेलं तरी चालते, टॅब तेवढी बंद नोका करू.

जुना_स्टुडिओवाला
नेटची कटकटच नको असेल तर गिम्प टाका. १९९६ पासून आहे, फुकट आहे, मार्च २०२५ ला ३.० आलं. पहिले चार दिवस डोकं खाईल हे खरं. सेव्ह केलं की एक्ससीएफ फाइल होते, ती प्रिंटवाल्याकडे उघडत नाही अन् माणूस घाबरतो, जेपीजी पाहिजे तर एक्स्पोर्ट करायचं. पासपोर्टला ३५ बाय ४५ मिमी, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल, ४ बाय ६ इंचाचा कागद आडवा धरून आठ बसतात. हळदीच्या फोटोंना लॅपटॉप कशाला लागतो? मोबाइलवर स्नॅपसीड ॲप पुरतं. मांडवाच्या पिवळ्या कापडाचा रंग तोंडावर पडतो, तो व्हाइट बॅलन्सने थोडा कमी करा, थोडाच, नाहीतर हळदच निघून जाते अन् नवरीची आई भांडायला येते (अनुभव आहे). मग सिलेक्टिव्ह घेऊन गालावर बोट ठेवा, दोन बोटांनी गोल लहान करा, मग बोट उजवीकडे सरकवा, तेवढाच चेहरा उजळतो.

झेरॉक्सवाला_आर्णी
आज फोटोपीवर पयलं शीट काढलं, आठ बरोबर बसले! पण एका आबाजीचा फोटो होता, मागची भिंत मॅजिक वाँडनं उडवली तं त्याहीची पांढरी टोपी बी उडाली, अर्धं डोस्कं गायब. आबाजी म्हनते मी अजून जित्ता हाव बापा

कापूसवेचा
😂😂 टॉलरन्स (किती जुळता रंग धराचा ते) कमी करा ना भाऊ

जुना_स्टुडिओवाला
ते वाँड सारखा रंग दिसला की सगळंच धरतं, टोपी काय अन् भिंत काय. टोपीभोवती लासोने हाताने रेघ काढून निवडा. नाहीतर सरळ दुकानात खुर्चीमागे निळी चादर टांगा, फोटो काढतानाच, मग वाँड निळंच धरेल. टोपीवाले, पांढऱ्या सदऱ्यावाले, सगळ्यांचं काम होईल.

झेरॉक्सवाला_आर्णी
चादर हाय घरी, पण फुलाफुलाची हाय. उद्या बजारातून साधी आनतो.