स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी: गोव्याच्या दमट हवेत कशी जमवायची?

कुळागर_वाळपई

वाळपईजवळ आमच्या १२ दख्खनी मेंढ्या आहेत, बेळगावच्या बाजूने आणलेल्या. नऊ काळ्या, तीन पांढऱ्या. वर्षातून दोनदा कातरतो आणि लोकर आजवर माडांच्या आळ्यात जात आली. आता तिची एक तरी घोंगडी (आमच्याकडे कांबळच म्हणतात) घरी करायची आहे, धुण्यापासून विणण्यापर्यंत. पायाचा चरखा मिळतो आहे, माग सुताराकडून करून घेता येईल.

विचारायचे ते असे. एका घोंगडीला लोकर किती लागते? एका खेपेला सगळ्यांची मिळून साडेतीन किलो निघते. दुसरे, ऑगस्टमध्ये थोडी धुऊन पाहिली. गरम पाण्यात साबण घालून हाताने चोळली. अर्ध्या लोकरीचे गोळे झाले, उरलेली चार दिवस वाळली नाही, कुबट वास आला आणि इतके करूनही हाताला चिकट लागते ती लागतेच. नेमके काय चुकले? तिसरे, खळ (विणण्याआधी धाग्यांना लावायची पेज) कशाची करतात आणि ती आपल्या हवेत टिकते का? आणि शेवटचे, कसर लागू नये म्हणून काय करावे?

चरखा_साखळी

हिशेब आधी करू, कारण तुमचे साडेतीन किलो एका घोंगडीला बरोबर पुरतात, पण त्यात उधळपट्टीला जागा नाही.

तयार घोंगडी १२० बाय २१० सेंटिमीटर धरा, म्हणजे साधारण ४ बाय ७ फूट. मेंढीच्या पाठीची आणि दोन्ही कुशींची लोकर ठेवायची. पोट, पाय, शेपटीभोवतीची आणि मुताने पिवळी पडलेली काढून टाकायची. यात पाव हिस्सा जातो, उरते २ किलो ६०० ग्रॅम. धुतल्यावर माती, घाम आणि तेलकटपणा मिळून आणखी २५ ते ३० टक्के जाते, म्हणजे १ किलो ९०० च्या आसपास. पिंजताना आणि कातताना १५ टक्के गळते. हातात सूत येते १ किलो ६०० ग्रॅम. घोंगडीला सव्वा किलो सूत लागते. राहिलेले तुटीला, शिवणीला आणि पहिल्या दोन दिवसांच्या वेड्यावाकड्या कताईला. काढून टाकलेली लोकर माडांनाच घाला, ओल धरून ठेवते.

आता धुणे. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. त्याचा बुरणूस (न विणता दाबून केलेले जाड कापड) होतो, जसा मुद्दाम करतात तसा. तिन्हींतले चोळणे वगळले की गोळे होत नाहीत. चिकटपणाचे कारण वेगळे आहे. लोकरीचे मेण ४० अंशांच्या आसपास वितळते आणि पाणी त्याखाली गेले की पुन्हा तंतूवर बसते. तुम्हाला हात बुडवून चोळता आली म्हणजे पाणी ५५ अंश नव्हतेच, फार तर ४५ असेल, आणि थोड्या वेळात तेही निवले. दुधाला वापरतात तो साधा थर्मामीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका.

क्रम असा ठेवा. लोकर कोरडी असतानाच जाळीवर झटका. जेवढी माती कोरडी पडेल तेवढे पाणी वाचते. मग रात्रभर थंड पाण्यात बुडवून ठेवा. घामाचे क्षार थंड पाण्यातच सुटतात, पाणी चहासारखे होते. ते माडाला घाला, त्यात पालाश (पोटॅश) असते. दुसऱ्या दिवशी एका वेळी अर्धा किलोच घ्या. कांद्याच्या जाळीदार पिशवीत सैल भरा, १५ लिटर ५५ ते ६० अंश पाण्यात ५० ग्रॅम रिठ्याच्या सालीचा काढा घाला आणि पिशवी नुसती दाबून बुडवा. २० मिनिटे हात लावायचा नाही. पाणी ४५ पर्यंत उतरायच्या आत पिशवी उचला, निथळू द्या आणि तितक्याच गरम, नव्या पाण्यात टाका. पहिल्यांदा रिठ्याचे एक पाणी आणि साधी दोन पाणी पुरतात, कारण दख्खनी लोकरीत मेण कमी आणि माती जास्त असते. गरम पिशवी थंड नळाखाली धरू नका आणि पिळू नका. कोरड्या पंच्यात गुंडाळून पायाने दाबले की पाणी निघते.

दोन गोष्टी टाळा. चुलीच्या राखेचे पाणी कपड्यांना चालते, लोकरीला नाही. क्षाराने तंतू ठिसूळ होतो आणि कॉस्टिक सोड्यात तर विरघळूनच जातो. एन्झाइमवाली डिटर्जंट पावडरही नको. ते एन्झाइम प्रथिने तोडण्यासाठी घातलेले असते आणि लोकर म्हणजे प्रथिनच. साबण वापरलाच तर शेवटच्या पाण्यात, बालदीला दोन चमचे माडाचे व्हिनेगर घाला.

सडा_पेडणे

वरच्या सगळ्याशी सहमत, पण ऑगस्टमध्ये धुणे हीच मूळ चूक. पावसाळ्यात हवाच ओली असते, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत पाणी पोटात धरूनही हाताला कोरडी लागते. ती सुकल्यासारखी वाटते आणि पिशवीत कुबते. न धुता गोणीत भरून ठेवणे त्याहून वाईट. घामाचे क्षार हवेतली ओल ओढतात, गोणी आतून तापते आणि पांढरी लोकर पिवळी पडते. तो पिवळेपणा धुऊन जात नाही.

म्हणून कातरणी एप्रिलच्या शेवटी करा आणि त्याच आठवड्यात धुऊन टाका. मेच्या वाऱ्यावर बांबूच्या तट्ट्यावर पातळ पसरली तर एका दिवसात वाळते. सावलीत वाळवा; काळी लोकर कडक उन्हात तांबूस पडते, शेंडे तर मेंढीच्या अंगावरच तांबूस झालेले असतात. शिवाय पावसाच्या तोंडावर मेंढी कातरलेली असणे तिच्या दृष्टीनेही चांगले. भिजलेली, लेंडीने बरबटलेली लोकर माश्यांना अंडी घालायला जागा देते, आणि त्या अळ्या जिवंत कातडीत शिरतात.

पावसानंतरच्या लोकरीला एकच शत्रू: कुसळ. सड्यावरचे (कातळाच्या माळावरचे) कुसळी गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकते. कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात, त्यामुळे ते लोकरीत आतच सरकते. पिंजून निघत नाही, मोडते, आणि घोंगडीत राहून वर्षभर टोचते. आघाड्याचे बी निदान बोटांनी वेचता येते. तेव्हा दसऱ्याच्या सुमारास चार कोरडे दिवस मिळाले की सड्यावर चरायला सोडण्याआधीच कातरून घ्या. मेंढी पूर्ण कोरडी हवी. कातरताना ओल असेल तर मागचे सगळे फुकट.

आणि मेंढ्या खरेच दख्खनी आहेत का ते पाहा. माडग्याळ मेंढी मांसासाठी चांगली, पण तिच्या अंगावर कातायला फारसे काही नसते.

धोटा_डिचोली

पिंजणे ते विणणे मी घेतो.

दख्खनी लोकर सहा महिन्यांत पाच-सहा सेंटिमीटर वाढते. आखूड आणि जाड. तिला धनुकली (पिंजायचे धनुष्य) उत्तम. ती नसेल तर तारांच्या दातांचे हातकंगवे, दोन लागतात. पिंजण्याआधी १०० ग्रॅम लोकरीला एक चमचाभर खोबरेल तेवढ्याच कोमट पाण्यात घुसळून शिंपडा आणि रात्रभर झाकून ठेवा. तंतू तुटत नाहीत, उडत नाहीत. खोबरेलच घ्या, जवसाचे तेल हवेत वाळून डिंकासारखे बसते आणि पुढे निघत नाही. पिंजलेल्याचे बोटाएवढे पेळू (कातायच्या सैल वळकट्या) करा, घट्ट नकोत.

सुताची जाडी एकदा ठरवा आणि सोडू नका: १० मीटरला ४ ग्रॅम. सोनाराचा छोटा काटा जवळ ठेवा, दर अर्ध्या तासाने १० मीटर मोजा. नवा हात हळूहळू जाड काततो आणि ते डोळ्यांना कळत नाही. मग घोंगडीचे एक टोक चटईसारखे आणि दुसरे फडक्यासारखे होते. ताण्याच्या (उभ्या) सुताला सेंटिमीटरमागे दीड ते पावणेदोन पीळ, बाण्याला (आडव्या सुताला) एकच. ताण्याचे सूत अर्धा किलो वजन टांगून तपासा. तुटले तर बाण्यात वापरा. कातून झाले की लड्या ओल्या करून, खाली हलके वजन बांधून वाळवा. पीळ बसतो, सूत अंगावर वळत नाही.

मागाबद्दल: १३५ सेंटिमीटर रुंदीचा माग करू नका. धोटा (बाण्याचे सूत आरपार नेणारी नळी) हाताने फेकायचा तर ९०-१०० सेंटिमीटरपलीकडे हात पुरत नाहीत, कडा ओढल्या जातात. ६८ सेंटिमीटर फणीच्या (ताण्याचे धागे सुटे ठेवणाऱ्या मागाच्या कंगव्याच्या) दोन पट्ट्या विणा आणि मधोमध शिवा. सेंटिमीटरला ४ धागे, म्हणजे पट्टीला २७० च्या आसपास, ताण्याची लांबी ३ मीटर १० सेंटिमीटर. त्यातले २ मीटर ४० विणून होते, अर्धा मीटर मागावर वाया जातो, बाकीचे धाग्यांच्या वळणात मुरते. बाणाही सेंटिमीटरला ४. दोन्ही पट्ट्यांचे मिळून ३ किलोमीटर सूत, पैकी ताण्याचे १,६७० मीटर. तासाला १०० मीटर धरले तर ३० तासांची कताई. दोन्ही पट्ट्यांची वीण मोजून सारखी ठेवा, बाणा एकीत ४ आणि दुसरीत ५ झाला तर जोडताना लांबी जुळत नाही. पांढऱ्या तीन मेंढ्यांचे सूत वेगळे ठेवा, किनारीला छान दिसते.

खळ चिंचोक्यांची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचे, दळायचे. १०० ग्रॅम पीठ २ लिटर थंड पाण्यात कालवून मंद आचेवर पाऊण तास, सतत ढवळत. थंड पाण्यात आधी कालवले नाही तर गाठी होतात आणि त्या धाग्यावर मण्यांसारख्या बसतात. ताणा ताठ ओढून कोमट खळ कुंच्याने एकाच दिशेने लावा. अर्धवट सुकली की आडवी काठी धाग्यांमधून सरकवून प्रत्येक धागा सुटा करा. पूर्ण सुकेपर्यंत थांबलात तर सगळा ताणा एक फळी होतो.

आपल्या हवेत खळ टिकते का, तर भिजलेली टिकत नाही. शिजवलेली दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. लावलेला ताणा जूनमध्ये पुन्हा चिकट होतो आणि आठवड्याभरात बुरशी धरतो. खळ लावणे आणि विणणे नोव्हेंबर ते मार्च.

कुळागर_वाळपई

फार उपयोग झाला. दोन शंका उरल्या. खळ न लावता विणता येणार नाही का? आणि विणल्यावर घोंगडी किती आटवायची, कशी?

धोटा_डिचोली

खळ टाळायची तर ताण्याचे सूत दुपदरी करावे लागते. जाडी तीच ठेवायची म्हणजे प्रत्येक पदर निम्म्या वजनाचा, आणि ताण्यापुरती कताई दुप्पट: १,६७० मीटरच्या जागी ३,३४०. फणीत घासल्यावर एकपदरी लोकरीचे रोम उठतात, शेजारचे धागे एकमेकांना धरतात आणि तुटतात. खळ ते रोम बसवते, एवढेच तिचे काम. एका दिवसाची खळ परवडते.

आटवणे: दोन पट्ट्या शिवून घ्या, मोठ्या घमेल्यात ४५-५० अंश पाणी आणि थोडा साबण, आणि पायाने तुडवा. गमबूट घाला. आधी चोळू नका म्हटले ते इथे मुद्दाम करायचे असते. पाच-पाच मिनिटांनी बाहेर काढून मोजा. पट्टीला सुरुवातीला ३० सेंटिमीटर अंतरावर दोन लाल दोरे ओवून ठेवले असतील तर काम सोपे होते: अंतर २६-२७ झाले की थांबा. दख्खनी लोकरीत जाड केस बरेच, ते आटत नाहीत, त्यामुळे पहिली दहा मिनिटे काहीच होत नाहीसे वाटते. मग एकदम आटते, आणि आटलेले परत ताणून येत नाही. यातच खळ आणि खोबरेल दोन्ही निघून जातात. साध्या पाण्यात धुऊन, चारही बाजू ताणून, सपाट वाळवा. दोरीवर टाकलीत तर पाण्याच्या वजनाने मधे झोळ येतो.

घाटावर विणून झाल्यावर घोंगडीला वरूनही खळ देतात, ताठ राहते म्हणून. गोव्यात ती देऊ नका, चिंचोक्याचे पीठ म्हणजे बुरशीला आणि किड्यांना घरचे जेवण.

चरखा_साखळी

कसरीबद्दल कुणी लिहिले नाही. ती लोकर खाते ती अळी. तिला घाम, तेल, खरकटे लागलेली लोकर जास्त आवडते आणि अंधार लागतो. कडुलिंबाचा पाला आणि कापूर यांनी पतंग दूर राहतात, पण आत पडलेली अंडी मरत नाहीत. त्यासाठी मेमध्ये घोंगडी एक दिवस कडक उन्हात उलटसुलट करून ब्रशने झाडा, विशेषतः शिवण, कारण अंडी तिथेच असतात. काळी तांबूस पडेल ही भीती एका दिवसाला नाही. तशीच कोरडी, पण थंड झालेली, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा. गरम असताना बंद केली तर आत पाणी सुटते. शंका असेल तर बंद पिशवी आठवडाभर फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. पावसाळ्यात पिशवी खोलायचीच झाली तर पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडल्यावर.

अजून एक. ही लोकर जाड असते, आणि ३० मायक्रॉनच्या वरचा तंतू कातडीला टोचतो. तो धुण्याने किंवा आटवण्याने मऊ होत नाही. अंगाच्या बाजूला जुन्या सुती लुगड्याचे अस्तर टाचा, किंवा पुढच्या खेपेला कोकरांचे जावळ वेगळे कातरून ठेवा. त्याचे सूत फक्त मानेजवळच्या हातभर भागात बाणा म्हणून घातले तरी फरक जाणवतो.